पहिला फ्लॅश घेण्याआधी छत बघ

सेलूजवळच्या एका गावातल्या मुलाने विचारलं आहे: "दादा, माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५० एमएम लेन्स. दिवाळीनंतर चुलत बहिणीचं लग्न आहे, फोटो मीच काढणार. कॅमेऱ्यातला फ्लॅश उडवला की चेहरे पांढरेफटक येतात. बाहेरून लावायचा फ्लॅश घ्यायचाय, घरून १२,००० रुपये मिळालेत. मित्र म्हणतो ६,००० चा मॅन्युअल, म्हणजे ताकद हाताने लावायचा, घे, दुकानदार म्हणतो जास्त आकड्याचा घे, ताकद जास्त. नेमकं काय बघून घेऊ?"

आधी तुझ्या तक्रारीचं बोलू, कारण खरेदी त्यावरच ठरणार आहे. चेहरे पांढरे येतात ते फ्लॅशची ताकद कमी पडते म्हणून नाही. तो लेन्सच्या डोक्यावर बसलेला असतो आणि प्रकाश सरळ समोरून कपाळावर, नाकावर आदळतो. समोरून आलेल्या प्रकाशात चेहऱ्यावर सावलीच पडत नाही, आणि सावली नाही तर उठाव नाही. मागच्या भिंतीवर मात्र माणसाची काळी कडा उमटते. उद्या तू दहापट ताकदीचा फ्लॅश आणलास आणि तोही समोरूनच मारलास, तरी फोटो असाच येणार. म्हणून पहिला फ्लॅश घेणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट बघायला सांगतो: त्याचं डोकं वर उचलता येतं का, आणि बाजूला फिरवत पार मागेपर्यंत वळतं का. बाकी सगळं त्यानंतर.

मी परभणीत २२ वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. सुरुवात रिळाच्या काळात झाली आणि पहिले दोन सीझन मी फ्लॅश समोरूनच मारला, कारण सगळे तसाच मारायचे. एका लग्नात नवरीच्या मावशीने आईची जुनी पैठणी नेसली होती. पदरावरचे मोर दाखवायला तिने पदर मुद्दाम पुढे घेतला, मी फ्लॅश उडवला. प्रिंट आली तेव्हा पदराच्या जागी पांढरा पट्टा होता. जरीने सगळा प्रकाश जसाच्या तसा लेन्समध्ये परत फेकला होता. त्या बाईंनी काही म्हटलं नाही, फोटो नुसता उलटा करून ठेवला. ते मला फार लागलं. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या घरात तशीच पैठणी समोर आली. तेव्हा फ्लॅशचं डोकं डाव्या हाताच्या चुना दिलेल्या भिंतीकडे वळवलं. प्रकाश बाजूने, पसरून आला. मोराच्या मानेचा हिरवा, चोचीचा लाल, जरीची एकेक तार, आणि नेसणारीच्या गालावर मऊ सावली. फ्लॅश तोच, रीळ तेच. बदलली होती फक्त प्रकाश येण्याची बाजू.

छतावर किंवा भिंतीवर प्रकाश मारून तो परत चेहऱ्यावर आणायचा, याला आपण बाउन्स म्हणतो. फ्लॅशची काच चार बोटं रुंद असते. छतावर मारला की छताचा दोन-तीन फुटांचा तुकडा उजळतो आणि तोच तुझा दिवा होतो. दिवा जितका मोठा तितकी सावली मऊ. पण इथेच आपल्या भागात गोष्ट अडते, म्हणून म्हणतो, फ्लॅश घेण्याआधी छत बघ.

पांढरा रंग दिलेला दहा फुटांचा स्लॅब असेल तर यासारखं सुख नाही. फ्लॅश वर आणि जरा मागे वळव, निम्मं काम झालं. पत्र्याचं घर असेल तर पत्रा प्रकाश फेकतो, पण पन्हाळीमुळे तो पट्ट्यापट्ट्यांनी येतो आणि गंजलेला असला तर तांबूस येतो. जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं आमच्याकडे अजून आहेत. तिथे वर लाकडी तुळया, किलचण, वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर बसून सगळं काळं. त्या छतावर मारलेला प्रकाश परत येतच नाही. एकदा एका आजींचा फोटो नातीच्या हळदीत काढत होतो. वर तीनदा मारला, तिन्ही वेळा अंधार. मग खाली बघितलं, तर भिंत आदल्याच आठवड्यात लग्नासाठी पांढरी केलेली. डोकं तिकडे वळवलं आणि आजींच्या सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, सगळं आलं. माळवदात भिंत वापरायची, हे मी तिथे शिकलो.

मांडवाचं वेगळंच. वर हिरवं कापड असेल तर छतावरून आलेला प्रकाश हिरवा होऊन येतो आणि माणसं आजारी दिसतात. लाल-पिवळ्या शामियान्यात चेहरे लाल. निळी ताडपत्री सगळ्यात वाईट. हा रंग कॉम्प्युटरवर बसून पूर्ण निघत नाही, कारण चेहऱ्यावर एक रंग आणि मागे दुसरा असतो. अशा जागी एक पांढरी थर्माकोल शीट घे, चुलत भावाला धरून उभा कर, आणि फ्लॅशचं डोकं त्या शीटकडे फिरव. थर्माकोल स्वस्त आहे, आणि फ्लॅशसोबत मिळणाऱ्या त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपीपेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे. ती टोपी खोलीत चालते, कारण प्रकाश चारी भिंतींवर उडवते. मोकळ्या अंगणात ती फक्त ताकद खाते. तिच्यावर वेगळे पैसे घालू नको.

आता दुकानदार म्हणतो त्या आकड्याचं. त्याला गाइड नंबर म्हणतात. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा) १०० वर हा आकडा अपर्चरने, म्हणजे लेन्स किती उघडी आहे त्या एफ-आकड्याने, भागला की किती मीटरपर्यंत सरळ मारलेला प्रकाश पुरेल ते कळतं. गाइड नंबर ३६ असेल आणि अपर्चर एफ/४, तर ९ मीटर. इथपर्यंत सोपं आहे. पण खोक्यावर जो ६० छापलेला असतो तो फ्लॅशचं डोकं २०० एमएमवर झूम करून, प्रकाश अरुंद झोतात गोळा करून मोजलेला असतो. कॅननच्या ६००ईएक्स-आरटीचा आकडा २०० एमएमला ६० आहे, ३५ एमएमला ३६. निकॉनच्या एसबी-७०० चा आकडा २८ लिहिलेला दिसतो, पण तो ३५ एमएमचा आहे. ६० आणि २८ शेजारी ठेवले की पहिला दुप्पट मोठा वाटतो. खरी तुलना ३६ आणि २८ ची, म्हणजे एका स्टॉपपेक्षाही कमी फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). दोन फ्लॅशचे आकडे बघायचेच असतील तर एकाच झूमचे बघ. झूम लिहिलेला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तुला किती ताकद लागेल ते हिशेबाने बघू. खोलीत दहा फुटांचा पांढरा स्लॅब आहे. प्रकाश वर जाऊन खाली येईपर्यंत धर साडेचार मीटर. ३६ भागिले साडेचार म्हणजे एफ/८. छत निदान दोन स्टॉप प्रकाश खातं, म्हणजे उरला एफ/४, तोही पूर्ण ताकदीत आयएसओ १०० वर. आयएसओ ८०० केलास की तीन स्टॉप मिळाले, एफ/११. तुझी १८-५५ लेन्स ५५ ला एफ/५.६ पर्यंतच उघडते, तिथे पाव ताकद लागेल. म्हणजे फ्लॅश निवांत आहे, दर सेकंदाला उडू शकतो. आता मंगल कार्यालय घे, वीस फूट छत. प्रकाशाचा प्रवास दहा मीटरच्या आसपास. तिथे आयएसओ १६०० वर एफ/४ ठेवून पाव ते निम्मी ताकद लागते. होतं, पण फ्लॅश दमतो. म्हणून छोटा खिशात मावणारा दोन सेलचा फ्लॅश लग्नासाठी घेऊ नको. घरगुती बारशाला तो चांगला, कार्यालयात तो पुरत नाही. चार सेलचा किंवा लिथियम बॅटरीचा पूर्ण आकाराचा फ्लॅश हवा. त्याच्यापुढे आकड्यांची चढाओढ सोडून दे.

या हिशेबात एक गोष्ट लपली आहे, ती लक्षात आली की फ्लॅशची भीती जाते. फ्लॅशचा प्रकाश अपर्चर आणि आयएसओने कमी-जास्त होतो. शटरने होत नाही, कारण फ्लॅशची चमक शटरच्या मानाने क्षणमात्र असते. शटर बदललं की फक्त आजूबाजूचा उजेड बदलतो, म्हणजे माळा, दिवे, मागची रोषणाई. रात्री परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो तेव्हा वर छत नाही, भिंत नाही, फ्लॅश समोरूनच मारावा लागतो. पण १/२०० ऐवजी १/३० शटर ठेव, आयएसओ १६००. मागचे दिवे, बँडवाल्यांचे कपडे, मारुतीच्या देवळाची रोषणाई, सगळं येतं आणि नवरदेवाचा चेहरा फ्लॅशने थांबतो. हे एक जमलं की तुझे रात्रीचे फोटो काळ्या पडद्यासमोर काढल्यासारखे दिसणार नाहीत. आणि परण्यात घोडा असेल तर त्याच्या डोळ्यांवर समोरून फ्लॅश मारू नको. तो बुजतो, आणि पाठीवर माणूस बसलेला असतो. पोळ्याला बैलांचंही तेच.

आता तुझ्या कॅमेऱ्याचं. हे नीट वाच, कारण मित्राचा सल्ला इथे तुला महागात पडू शकतो. कॅमेरा हातात घे आणि वरची खाच, जिला हॉट शू म्हणतात, ती उजेडात बघ. बहुतेक कॅमेऱ्यांच्या खाचेत मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो आणि बाजूला बारीक ठिपके. तो मधला ठिपका फ्लॅशला "उड" म्हणतो. बारीक ठिपके त्या त्या कंपनीची भाषा बोलतात. कॅननने १५००डी, ३०००डी, २००डी टू अशा स्वस्त बॉडींच्या पुष्कळ नगांवर मधला ठिपकाच ठेवलेला नाही. गोडॉक्स टीटी६००, योंगनुओ वायएन५६० असे साधे मॅन्युअल फ्लॅश त्या मधल्या ठिपक्यावरच चालतात. तुझ्या बॉडीवर तो नसेल तर मित्राचा ६,००० चा फ्लॅश कॅमेऱ्यावर बसेल, दिवा लागेल, पण उडणार नाही. फ्लॅश खराब नसतो, कॅमेराही खराब नसतो. गेल्या तीन वर्षांत मी अशी चार पोरं बघितली ज्यांनी मॅन्युअल फ्लॅश मागवला आणि आठ दिवस सेल बदलत बसली.

अशा बॉडीला कॅननची भाषा बोलणारा फ्लॅश लागतो. कॅननचा स्वतःचा, किंवा इतर कंपनीचा पण कॅननसाठी बनवलेला, ज्याच्या नावापुढे सी अक्षर असतं. निकॉनचा एन, सोनीचा एस. दिसायला तिन्ही सारखेच, खोकंही सारखंच, पाय मात्र वेगळा. मला एकदा एका दुकानातून निकॉनचा पाय असलेला नग कॅननचा म्हणून देण्यात आला. घरी येऊन लावला तेव्हा कळलं, आणि दुसऱ्या दिवशी हळद होती. तेव्हापासून मी खोकं नाही, पाय बघतो. पुढे कधी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर जाशील तर तिथेही खाच बघायची सवय ठेव. कॅननच्या आर५० वर जुने फ्लॅश लावायला वेगळा अॅडॅप्टर लागतो.

टीटीएल की मॅन्युअल, हा वाद तू ऐकला असशील. टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक बारीक चमक मारतो, कॅमेरा लेन्समधून परत आलेला प्रकाश मोजतो, आणि मग किती ताकद लावायची ते ठरवतो. हे सगळं डोळ्याला कळायच्या आत होतं. मॅन्युअलमध्ये ताकद तू ठरवतोस: पूर्ण, निम्मी, पाव, अशी खाली १/१२८ पर्यंत. पुष्कळ जाणती माणसं नव्या पोराला म्हणतात, मॅन्युअलच घे म्हणजे शिकशील. मला हे पूर्ण पटत नाही. बहिणीच्या लग्नात तू शिकायला जाणार नाहीस, फोटो आणायला जाणार आहेस. हळदीत माणसं पळतात, अंतर सारखं बदलतं, आत्या एका हाताने ओढून म्हणते इकडे बघ. तिथे टीटीएल लागतोच. ज्या पूर्ण आकाराच्या फ्लॅशमध्ये टीटीएल आहे त्यात बहुतेक वेळा मॅन्युअलही असतं. उलटं होत नाही.

टीटीएलची एक खोड मात्र माहीत हवी. त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. पांढरा फेटा, पांढरा सदरा, पांढरं धोतर घातलेले पाच जण उभे केलेस की तो म्हणतो फार उजेड झाला, आणि ताकद कमी करतो. फोटो काळवंडतो. तिथे फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे टीटीएलने ठरवलेली ताकद वर-खाली करायची सेटिंग, अधिक एक कर. काळ्या चंद्रकळेत कोणी असेल तर उलटं, उणे अर्धा ते एक. चमकणाऱ्या मुंडावळ्या, आरसा, स्टीलची भांडी फ्रेममध्ये असली तरी तो फसतो.

आणि आहेराच्या वेळी टीटीएल बंद कर. स्टेजवर नवरा-नवरी त्याच जागी, तू त्याच जागी, एकामागून एक घरं येऊन उभी राहतात. कुणाचे कपडे पांढरे, कुणाचे गडद, म्हणून टीटीएलमध्ये प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि नंतर दोन-तीनशे फोटो एकेक करून सारखे करत बसावं लागतं. मॅन्युअलवर एकदा ताकद लावून घेतलीस, धर आयएसओ ८०० आणि १/८, की शेवटच्या घरापर्यंत हात लावायला नको. सेलही टिकतात.

सेलवर थोडा वेळ घालवतो, कारण लग्नात फ्लॅश नाही, सेल दगा देतात. घड्याळात घालतो ते साधे सेल यात अगदीच अडल्याशिवाय घालू नको. अल्कलाइनवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडवर १.२, म्हणून लोकांना अल्कलाइन जास्त जोरदार वाटतात. फ्लॅशला व्होल्टपेक्षा एका झटक्यात भरपूर करंट देणारा सेल लागतो. आत वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, तो तीनशे व्होल्टच्या आसपास भरायचा असतो. अल्कलाइन जरा वापरले की करंट देताना धापा टाकतात; तीन सेकंदांवरचं भरणं दहा सेकंदांवर जातं. एनेलूपसारखे रिचार्जेबल शेवटपर्यंत जवळजवळ त्याच वेगाने भरतात आणि डब्यात महिने पडून राहिले तरी फारसे उतरत नाहीत. आठ घे, चार-चारचे दोन संच कर, आणि प्रत्येक संचावर मार्करने अ आणि ब लिही. संच आपसात मिसळू नको. एक कमजोर सेल बाकीच्या तिघांनाही खाली ओढतो.

लिथियम बॅटरीचे फ्लॅश, जसा गोडॉक्सचा व्ही८६० थ्री किंवा गोल डोक्याचा व्ही१, यापेक्षा चांगले आहेत यात शंका नाही. पूर्ण ताकदीत दीड सेकंदात भरतात आणि एका चार्जमध्ये कंपनी ४८० पूर्ण ताकदीचे झटके सांगते. मी स्वतः आज तेच वापरतो. पण त्यांची बॅटरी संपली आणि दुसरी नसली तर गावात ती मिळत नाही. चार सेलचा फ्लॅश अगदीच अडला तर गावातल्या किराणा दुकानातले सेल घालून थोडा वेळ ओढता येतो. तुझ्या गावात वीज कधी जाते, कधी येते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून पहिल्या फ्लॅशसाठी मी सेलवालाच सांगेन. लिथियम घेतलास तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घे, आणि मे महिन्यात गाडीच्या काचेमागे कधी ठेवू नको. बाहेर ४३ डिग्री असतं तेव्हा बंद गाडीत ती बॅटरी भाजून निघते.

हाय स्पीड सिंकबद्दल थोडक्यात सांगतो. तुझ्या कॅमेऱ्याचं शटर १/२०० पर्यंत पूर्ण उघडतं, त्यापुढे फक्त एक फट सेन्सरवरून सरकते, म्हणून साध्या फ्लॅशने फोटोत काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक असलेला फ्लॅश लुकलुकत राहून ती फट भरून काढतो, पण त्यात ताकद फार जाते. दुपारच्या मुहूर्ताला भर उन्हात मांडवाच्या कडेला उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड घालायचा असेल तर त्याच्याशिवायही होतं: आयएसओ १००, १/२००, एफ/११, फ्लॅश सरळ, अंतर दहा फुटांच्या आत. सोय असली तर चांगली, नसली म्हणून फ्लॅश नाकारू नको. निकॉनवाल्यांसाठी एक: डी३५०० आणि डी५६०० या बॉडींना ही सोय मुळात नाही, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवणं ही पुढची पायरी, आणि ती तू वर्षभरात चढशील. म्हणून आजच असा फ्लॅश घे ज्याच्या पोटात रेडिओ आहे. जुन्या आणि फार स्वस्त फ्लॅशमध्ये फक्त डोळा असतो, दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून उडणारा. लग्नात दुसरा फोटोग्राफर, पाहुण्यांचे कॅमेरे, सगळ्यांच्या चमकेवर तो उडत राहतो आणि ऐन वेळी रिकामा असतो. उन्हात त्याला चमक दिसतही नाही. रेडिओचा फ्लॅश भिंतीपलीकडूनही फक्त तुझ्या ट्रिगरचं, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवलेल्या रेडिओच्या डबीचं, ऐकतो. गोडॉक्सचे ट्रिगर आणि त्यांचे रेडिओवाले फ्लॅश एकमेकांशी बोलतात; आज घेतलेला फ्लॅश उद्या दुसऱ्याचा जोडीदार होतो. एका कंपनीच्या घरात राहण्याचा फायदा इथे आहे.

कोणी काका रिळाच्या काळातला फ्लॅश फुकट देत असतील तर नम्रपणे घे आणि कपाटात ठेव. त्यातले काही खाचेच्या टोकांवर दोनशेच्या वर व्होल्ट देतात. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना ते चालायचं, आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं सर्किट त्याने जळू शकतं. आणि कुठलाही फ्लॅश, जुना असो की नवा, घरी उघडू नको. सेल काढले तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणा झटका शिल्लक राहतो.

तर १२,००० मध्ये तुझ्यासाठी: गोडॉक्स टीटी६८५ टू, कॅननच्या पायाचा. डोकं वर उचलतं आणि मागेपर्यंत वळतं, टीटीएल आहे, मॅन्युअल आहे, रेडिओ आहे, चार सेलवर चालतो. भाव वर-खाली होत असतात, पण बहुतेक वेळा तो तुझ्या रकमेच्या आसपास बसतो. सेल आणि चार्जरसाठी थोडे वर लागतील, ते घरी आधीच सांगून ठेव. सेल काटून मोठा फ्लॅश घेऊ नको. कॅननचाच घ्यायची इच्छा असेल तर ४३०ईएक्स थ्री-आरटी चांगला आहे, पण तो या रकमेत नवा मिळणार नाही. जुना बघितलास तर पूर्ण ताकदीत लागोपाठ पाच-सहा वेळा उडवून सेकंद मोज, आणि काचेमागची नळी काळवंडली आहे का ते बघ.

नवा घेतानाही जमलं तर संभाजीनगरला किंवा नांदेडला जाऊन, कॅमेरा सोबत नेऊन, दुकानात लावून घे. तुझ्या बॉडीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण मधला ठिपका नसलेल्या कॅमेऱ्यावर फ्लॅशचं आतलं सॉफ्टवेअर नवं असावं लागतं. पायाची कडी घट्ट बसते का, डोकं फिरताना मध्येच अडखळतं का, टीटीएलवर छताकडे मारून दुकानदाराचाच एक फोटो घे. पक्कं बिल घे, वॉरंटी कार्डावर शिक्का घे.

फ्लॅश आला की रोज संध्याकाळी घरात आईला किंवा आजीला बसव. वर, डावीकडे, उजवीकडे, मागे, एकेक फोटो. आठ दिवसांत तुला कुठल्याही खोलीत शिरल्यावर आधी छत आणि भिंती बघायची सवय लागेल. कार्यालयात पिवळे दिवे असतील तर फ्लॅशचा पांढरा प्रकाश वेगळा उठून दिसतो. त्यासाठी नारिंगी जिलेटिन पेपरचा तुकडा काचेवर चिकटव आणि कॅमेऱ्यातली व्हाइट बॅलन्सची, म्हणजे रंगाची, सेटिंग बल्बच्या खुणेवर ठेव. पूर्ण ताकदीत मात्र नको, कागद काचेला चिकटून वितळतो. लागोपाठ पूर्ण ताकदीचे झटकेही टाळ; फ्लॅश तापला की स्वतःहून थांबतो. आणि पुढे कधी अजिंठ्याला गेलास तर तो बॅगेतच ठेव, लेण्यांमध्ये फ्लॅशला बंदी आहे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच मांडवात जाऊन वरच्या कापडाचा रंग बघून ये, आणि थर्माकोल कोण धरणार ते ठरव. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी सेलचा ताजा संच घाल, जुना संच संपला नसला तरी. फ्लॅश १/८ वर ठेव, त्यावर त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकते, त्यामुळे हवेतल्या अक्षता, मग त्या तांदळाच्या असोत की ज्वारीच्या, दाणा न् दाणा थांबतात. शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट सरकतो, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात आणि अक्षता पडतात. ते सगळं मिळून तीन-चार सेकंदांचं असतं, तेव्हा तुझा फ्लॅश भरलेला असला पाहिजे.